मार्लिसच्या हजार गोळ्यांसाठी साचा

नॉर्बी, मिनेसोटा
रविवार, चर्चमधून आल्यावर

प्रिय ओर्लिनदादा,

धाकट्याचा, चामडी हातमोजे काढून, सप्रेम नमस्कार.

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते मी केलेलं आहे. टेबल ज्या गॅरेजात आहे ते मी बांधलं (एक भिंत सोडून, ती आधीपासून होती, पण तिला सरळ मी केलं). गॅरेजातली शेगडी जुन्या बॉयलरच्या पत्र्यातून मी केली. तळं गोठल्यावर मासे धरायला बसायची खोपटी, मार्लिसची शिवणाची पेटी, तळघराचा जिना (एकही पायरी करकरत नाही), तू ज्या खुर्चीवरून तुझ्याच लग्नात पडलास ती सोडून जेवणघरातल्या सगळ्या खुर्च्या, आणि गेली बावीस वर्षं माझ्या नि मार्लिसच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली प्रत्येक गोळी, हे सगळं या दोन हातांचं काम आहे. कुठल्या शाळेत शिकलो नाही, कुणाच्या हाताखाली राबलो नाही. ही बढाई नव्हे. पुढे जे सांगायचं आहे ते वाचताना एवढं तुझ्या ध्यानात असावं, म्हणून आधीच लिहून ठेवलं.

तुझा गुडघा कसा आहे? बेव्हवहिनींचं ब्लडप्रेशर? ॲरिझोनात म्हणे लोक अजून अर्ध्या चड्डीत हिंडतात. इथे काल गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून काढावा लागला. माझी तब्येत ठणठणीत. रक्तातलं शिसं डॉक्टरांनी तपासलं, ते हद्दीत आहे, आणि त्याचं श्रेय मार्लिसला. गॅरेजातून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीला शिवू देत नाही. (ती खुर्चीही मीच केलेली आहे, हा मुद्दा मी मांडून पाहिला. चालला नाही.)

आता मुख्य बातमी. मार्लिस राज्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेली! पिस्तुलाच्या नेमबाजीत आपल्या क्लबातून इतक्या वर्षांत कुणी गेलं नव्हतं, बाई तर नाहीच नाही. मला नवल वाटलं नाही. चाळीस पोरांचा कालवा पाठीशी घेऊन जी बाई शाळेची बस निसरड्या बर्फावरून सरळ नेते, तिचा हात कागदाच्या चकतीसमोर काय थरथरणार? आणि कान म्हणशील तर मागच्या बाकावर कुणी च्युइंगगमचा कागद सोलला तरी तिला पुढे ऐकू येतं. (कानाचं लक्षात ठेव, पुढे लागेल.) स्पर्धा ऑक्टोबरच्या मध्यावर आहे. सरावाला आणि स्पर्धेला गोळ्या एकाच जातीच्या लागतात, म्हणजे हजारेक तरी हव्यात, आणि सध्या इथल्या दुकानांत गोळ्यांचं कपाट असं रिकामं आहे की दुकानदाराने त्यात फुलदाणी ठेवली आहे. क्लबाच्या जेवणाच्या दिवशी वेन्डेल (तोच, सगळं विकत आणणारा, ज्याच्या गाडीत बसायच्या जागेलाही गरम करायचं बटण आहे) सगळ्यांसमोर म्हणाला, "मार्लिस, आता तुझं कसं होणार गं?" माझ्या हातात हॉटडिशची, म्हणजे आपल्या त्या मांस-बटाट्याच्या भाजलेल्या खिमट्याची, ताटली होती. ती खाली ठेवून मी म्हटलं, तिच्या हजार गोळ्या मी ओतीन. टाळ्या पडल्या. मार्लिसने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे, पोरगं चालत्या बसमध्ये उभं राहिलं की बघते तशी बघत होती.

माझा जुना साचा एका घराचा. एकदा ओतलं की एक गोळी. त्यावर हजार गोळ्या ओतायच्या तर ऑक्टोबर उजाडून मावळला असता, शिवाय त्याची बिजागरी माझ्यासारखीच सैल झाली आहे. तेव्हा नवा साचा निवडणं आलं. दादा, बायको निवडताना मी एक संध्याकाळ घेतली होती, साचा निवडताना पंधरा दिवस घेतले. गोळीचं नाक सपाट हवं, म्हणजे कागदाला तिकिटाच्या चिमट्याने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि पंचाला वाद घालता येत नाही, इथपर्यंत शंकाच नव्हती. प्रश्न धातूचा. मी ॲल्युमिनियमचा, सहा घरांचा मागवला. हलका, झटपट, एका दमात सहा गोळ्या. पहिल्या शनिवारी बसलो, भांड्यात शिसं वितळवलं, ओतलं, साचा उघडला, आणि बाहेर पडल्या सहा मनुका. सुरकुतलेल्या, कडा गोल, बुडाला खळगे. साच्याच्या घरांना काजळी धरली तर बरं पडतं, म्हणून मेणबत्ती धरली. (चर्चच्या नाताळच्या मेणबत्त्यांपैकी होती हे नंतर कळलं. त्यावर वेगळं बोलणं झालं.) मग निघाल्या सहा काळ्या मनुका. मी निदान केलं: ॲल्युमिनियम फार लवकर निवतं. सहावं घर भरेपर्यंत पहिलं गार. धातूच उथळ.

म्हणून बिडाचा शोधायला निघालो. बीड सावकाश तापतं पण ऊब धरून ठेवतं, आपल्या बाबांसारखं. दोन गावं पलीकडे एका विधवा बाईने नवऱ्याची हत्यारं विकायला काढली होती, त्यात दोन घरांचा बिडाचा साचा निघाला. पण तो हातात पडायच्या आधी कॉफी, मग लिंबाच्या वड्या, मग नवऱ्याने धरलेल्या यच्चयावत माशांचे फोटो, पुन्हा कॉफी. प्रत्येक माशाची लांबी मी विचारली, कारण माणसाने विचारावं. परत आलो ते पोटात पाच कप कॉफी घेऊन. साचा घासला, तेल लावलं, पुसला, तापवला, ओतलं. गोळ्या मनुकांसारख्या नव्हत्या हे कबूल. त्या वितळलेल्या साबणासारख्या होत्या. मी निदान केलं: मृत इसमाने साचा ओलसर ठेवला असणार. मासे धरणाऱ्यांची हत्यारं कधी घेऊ नयेत.

याच सुमारास मार्लिस पहिल्यांदा बोलली. तोवर ती रोज संध्याकाळी गॅरेजच्या दारात उभी राहायची, माझ्या गोळ्यांचं तबक बघायची आणि आत जायची. त्या दिवशी म्हणाली, "आर्डेन, सूप बिघडलंय आणि तू पळ्या बदलतोयस." मी म्हटलं, यातलं तुला काय कळतं? (हे वाक्य मी आता वापरत नाही.)

तिसरा साचा पितळी. तो बाजारात मिळत नाही, ऑरेगॉनातला एक म्हातारा मापं घेऊन करून देतो. मी मार्लिसच्या रिव्हॉल्व्हरची नळी मायक्रोमीटरने मोजली, इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत. तीन वेळा मोजली, गॅरेज गरम असताना आणि गार असताना. नकाशा शाईने काढून पाठवला. साचा आला तो बघत राहावा असा, चर्चच्या घंटेसारखा पिवळाधमक, आणि वजनाला रविवारच्या मांसाच्या मुटक्याएवढा. अर्ध्या तासात मनगट भरून आलं. आणि गोळ्या? दादा, सकाळी ओटचा लगदा खातोस ना, तो पळीतून थाळीत पडताना कसा दिसतो? तशा. मी भट्टी आणखी तापवली. लगदा आणखी दाट. ऑरेगॉनच्या म्हाताऱ्याला मी चार पानी पत्र लिहायला घेतलं, त्यातलं तिसरं पान तर फारच उतरलं होतं. तोपर्यंत स्पर्धेला तीनच आठवडे उरले होते, आणि मार्लिस संध्याकाळी रिकामं रिव्हॉल्व्हर हातात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरण्याचा सराव करत होती. कॅलेंडर हरणांचं आहे. तिने एकदाही तक्रार केली नाही. त्यामुळे माझी झोप उडाली.

आता शिशाबद्दल सांगतो, कारण आजवर मी शिशाबद्दल अवाक्षर काढलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. शिसं मी डुएनच्या टायरच्या दुकानातून आणतो. चाकं समतोल राहावीत म्हणून त्यांना चिकटवलेली छोटी वजनं असतात ना, ती जुनी झाली की तो बादलीत टाकतो. बादलीच्या बदल्यात मार्लिसचे दालचिनीचे रोल. पूर्वी ती सगळी शिशाची असायची. हल्ली त्यांत जस्ताची मिसळलेली येतात, आणि जस्त भांड्यात गेलं की सगळं भांडं कामातून गेलं. म्हणून निवडावं लागतं. लोक त्यासाठी पकडीने चावे घेऊन बघतात, ते नवशिक्यांचं काम. मी कानाने निवडतो. वजन सिमेंटवर टाकायचं. शिसं धप्प वाजतं, जस्त टण्ण. सगळ्या काउंटीत अशी निवड करणारा मी एकटा. गेल्या काही वर्षांत तर डुएनच्या बादलीत जस्त जवळपास यायचंच बंद झालं होतं, याचं मला बरंही वाटत होतं.

परवा संध्याकाळी नवी बादली निवडत बसलो होतो. मार्लिस जेवायला हाक मारायला दारात आली.

"आर्डेन, ते टण्ण वाजलं."

"धप्प."

"टण्ण. हे पण टण्ण. ते धप्प. हे टण्ण."

"अगं, बावीस वर्षं मी हेच..."

"बावीस वर्षं तू आवाज अडवायच्या टोप्या कानांवर न लावता गळ्यात अडकवून गोळ्या झाडल्यास. बाबा रे, मी तुला जेवायला चार हाका मारल्या. तीन स्वयंपाकघरातून."

मग ती आत गेली, संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊन आली, आणि मी धप्प म्हटलेल्या ढिगावर थेंब थेंब टाकत गेली. शिसं गप्प बसलं. जस्त फसफसलं. बरंच फसफसलं, दादा. मी खाली बसलो (माझ्याच स्टुलावर). नळी मी दहाहजाराव्या भागापर्यंत मोजली होती. कान मोजायचं कुणी सुचवलं नव्हतं. मार्लिसने बाटलीचं बूच लावलं. फक्त म्हणाली, "तुझ्या त्या ऑरेगॉनच्या म्हाताऱ्याला पत्र टाकलंस का?" टाकलं नव्हतं. "देव आहे," म्हणाली.

कॉफीच्या डब्यात बाबांचं चार मफिन शिसं उरलं होतं. तुला आठवत असेल, टेलिफोनच्या जुन्या तारांवरचं शिसं सोलून आणून बाबांनी ते आईच्या मफिन भाजायच्या खळग्यांच्या पत्र्यात ओतलं होतं, आणि आई त्यानंतर वर्षभर फक्त पाव भाजत होती. काल भांडं घासून लख्ख केलं, ते चार मफिन टाकले, आणि ॲल्युमिनियमच्या सहा घरांच्या साच्यात ओतले. चांदीचे दाणे! कडा अशा की बोट कापेल. जेमतेम दोनशे निघाले. मार्लिसने आज चर्चला जायच्या आधी क्लबात जाऊन पाच झाडल्या. पाचही भोकं कॉफीच्या कपाच्या बुडाखाली झाकली गेली. कप उचलून ती म्हणाली, "बरं आहे." आपल्याकडच्या बाईने हे म्हणणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

तात्पर्य, साचा घ्यायचा तर ॲल्युमिनियमचाच, सहा घरांचा. हे माझं पहिल्यापासूनचं मत होतं. बेव्हवहिनींना नमस्कार, गुडघा शेकत जा.

तुझा धाकटा,
आर्डेन

ता. क. तू इथून जाताना बर्फात गाडीची मागची चाकं घसरू नयेत म्हणून बाबांचे बाकीचे मफिन पिकअपमध्ये भरून नेलेस, ते मग ॲरिझोनापर्यंत गेले. तुझ्या फिरत्या घराच्या मांडवाचे कोपरे त्यांनी दाबून धरले आहेत, असं बेव्हवहिनींनी नाताळच्या कार्डात लिहिलं होतं. त्यातले अठरा उद्याच पाठव. पोस्टात तो एकाच दराचा खोका मिळतो, आत काय वाटेल ते भरा, सत्तर पौंडांपर्यंत तेवढेच पैसे. (आमच्या पोस्टातल्या बाईने मागच्या वेळी खोका उचलल्यावर मला जे सुनावलं त्याचा तू विचार करू नकोस; तुमच्याकडची बाई वेगळी असणार.) मांडवाला दगड लाव. तुमच्याकडे दगड खूप आहेत.

ता. क. २. तुझं ते कानातलं यंत्र कसं चालतंय? एका मित्रासाठी विचारतो आहे.

ता. क. ३. तुझ्या मफिनांबद्दल क्लबात बोलणं निघालं तेव्हा वेन्डेलने मला बाजूला घेतलं आणि सगळा ढीग, न पाहता, विकत मागितला. मी तुझ्या वतीने, तुला न विचारता, साफ नाही म्हणून सांगितलं. तो कुजबुजत बोलत होता, पण आकडा मला स्वच्छ ऐकू आला: तीनशे साठ डॉलर.