पाण्याने उचललेला शाफ्ट

घाटकोपर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अनुताई,
सप्रेम जय भीम.

मी मजेत आहे. शेजारच्या मीराकाकू अजून दर रविवारी मटणाचा डबा पाठवतात. छोटीला दात आले का? लातूरची थंडी आता ओसरली असेल.

आमच्या मुलुंडच्या वर्कशॉपमध्ये मी जे पाहिलं, ते तुला सांगायचंच आहे. जहाजाचा पंखा ज्या लोखंडी दांड्यावर फिरतो, तो शाफ्ट. तो रबरी अस्तराच्या ज्या नळीत टेकतो, ते बेअरिंग. आमच्या बेअरिंगला तेल लागत नाही, पाणीच पुरतं. शाफ्टने वेग घेतला की केसाहून पातळ असा पाण्याचा पापुद्रा त्याला उचलून धरतो. एवढं वजन, पण टेकलेलं कुठेच नसतं.

एका मालवाहू जहाजाचं बेअरिंग सारखं झिजत होतं. कारण शोधायला किरणसरांनी गेल्या आठवड्यात चाचणीच्या मशीनवर शाफ्ट मुद्दाम किंचित तिरका बसवून ते सुरू केलं. मी बेअरिंगच्या कवचावर हात ठेवून उभी होते. मागच्या टोकाला थरथर वाढत गेली. वळून बघते तर सगळ्यांनी कान झाकलेले. बेअरिंग किंचाळत होतं म्हणे.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मशीन थांबवून बेअरिंग उघडलं. एका टोकाचं रबर खरवडून निघालेलं, दुसरं टोक नव्यासारखं. सगळा भार एका कडेवर आला आणि तिथलं पाणीच निसटलं.

सरांनी मला बाजूला घेतलं. "संघमित्रा, तुला आवाज आला नाही?"

"नाही सर."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

नोकरी गेली असंच वाटलं. ते म्हणाले, "आधी कान दाखवून ये. शाफ्ट सरळ करायला आम्ही तू येईपर्यंत थांबतो."

म्हणून फोनवर मी नुसतं हो-हो करत होते, ताई. उंच, बारीक आवाज गेलेत. ते परत यायचे नाहीत, पण कानाच्या मशीनने बरंच भागेल, असं डॉक्टर म्हणतात.

काल शाफ्ट सरळ बसवला. आधी हाताला खरखर लागली. मग वेग वाढला आणि एकदम काहीच नाही. एवढं लोखंड फिरतंय आणि हाताखाली सगळं शांत. सर काहीतरी पुटपुटले, ते ओठांवरून कळलं, "उचललं बघ पाण्याने." मी कितीतरी वेळ हात काढलाच नाही.

आईला अजून बोलले नाही. मीच सांगेन, पण तू तिच्याजवळ असताना. शनिवारी येते. समोर बसून सावकाश बोल.

तुझा आवाज येईल तेवढा ऐकायला आतुर,
मित्रा