तुझ्या लग्नघरची फुलं

नवसाबाई,

पोराच्या लग्नाच्या हारांची ऑर्डर आमच्या द्वारका चौकातल्या फुलवाल्या शेठला देऊ नको. बहिणीला काम मिळावं म्हणून देतेस, कळतं मला. पण देवळातले उतरवलेले शेवंतीचे हार तो माझ्या घरी पाठवतो. सुकलेली फुलं काढून टाकायची, बाकीची ताज्यात मिसळून परत ओवायची. एकदा नाय म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून कामच येईना. "मावशी, फुलाला काय कळतंय?" म्हणतो मेला. माझ्या पोरीची, सविताची नर्सिंगची फी भरायचीय, म्हणून गप ओवते.

हे वाचून तू शेठशी भांडशील आणि माझं काम जाईल, म्हणून पत्र टाकत नाय. नवरानवरीचे हार मी स्वतः ताजी फुलं आणून करीन. वऱ्हाडणींच्या केसातल्या वेण्या मात्र त्याच शेवंतीच्या असतील. तुझीसुद्धा.

तुझी थकलेली अक्का,
भागीबाई