घास उतरत नाही

९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? आमच्या कॅन्टीनमध्ये नवी शेगडी आली आहे. अगदी खादाड, सिलिंडर बघता बघता फस्त करते. माझा फोटो पाहून भाऊजींनी विचारलं होतं, "कुठलं डाएट?" मी ते हसण्यावारी नेलं.

डाएट नाही गं. थंडी सुरू झाल्यापासून मला घास गिळता येत नाही. चावत राहते, आणि गिळायची वेळ आली की वाटतं, आता अडकणार, आता मी गुदमरून मरणार. हातपाय गार पडतात. मग घास रुमालात काढते. पातळ सूप तेवढं घोटघोट जातं.

मी स्वयंपाकीण, आणि चवीपुरतं घेतलेलंसुद्धा थुंकून टाकते! परवा उकळत्या तेलाच्या कढईपाशी चक्कर आली. भांडी घासणारीने मागून धरलं म्हणून वाचले. "बाई, अंगात काही राहिलंच नाही तुमच्या," म्हणाली.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघितलं. घसा स्वच्छ. मला वाटलं, सुटले. तर त्या म्हणाल्या, "घसा बरा आहे, पण भीतीने तुम्हाला उपाशी ठेवलंय. रक्त कमी झालंय, नाडी मंद झालीय. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. मन काय शरीराबाहेर असतं का? उशीर करू नका."

'मनोविकार' हा शब्द ऐकला आणि मला मावशी दिसली.

तिच्या उशीखाली रुमाल सापडायचे, आठवतं? चावलेल्या घासांचे. नाटकं करते म्हणायचे सगळे. मग मागच्या खोलीला बाहेरून कडी लागली. आई सांगायची, वेडाने गेली. ताई, ती वेडाने नाही गेली. ती उपाशी गेली. तिला कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही.

मला त्या कडीची फार भीती वाटते. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. रुमाल मी गुपचूप धुते.

पुढच्या गुरुवारी मनोविकारतज्ज्ञांकडे सकाळची वेळ घेतली आहे. तू ये. समजूत घालू नकोस, रागावू नकोस, नुसती शेजारी बस. घरात आधी कुणाला असं झालं होतं का, असं ते विचारतील. माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. तेव्हा तू मावशीचं सांग. आई सांगायची ते नको, खरं झालं ते सांग.

मला अजून पुष्कळ वर्षं तुझ्या पंगतीला बसायचंय गं.

तुझी, भुकेली,
धाकटी