औक्षणाचं ताट

लेटरकेनी, आयर्लंड, रविवार

प्रिय अश्लेषा,

फोनवर बोलायला गेले तर रडेन आणि तू मध्येच हसवशील, म्हणून लिहितेय. तुझ्या बाबांनी, माझ्या काकांनी, ऐंशी ओलांडली आणि तुम्ही त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करताय, ऐकून इतका आनंद झाला! हॉस्पिटलात रजा टाकली, मिळालीही. औक्षणासाठी चांदीचं निरांजन घेतलं, ते प्रेसमध्ये जपून ठेवलंय. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हसू नकोस.

माझ्या लेकीला, शर्वाणीला, शाळेत सध्या प्राचीन रोम आहे. मुक्त केलेल्या गुलामांवर प्रोजेक्ट. ती तिच्या आयरिश इंग्रजीत सांगत होती, मी भाजी चिरत ऐकत होते. मालकाने मोकळं केलं की नागरिकत्व मिळायचं, काहीजण बक्कळ श्रीमंतही व्हायचे. पण नाव मालकाचं लागायचं, त्याच्या दारी हजेरी चुकायची नाही आणि अधिकारपद मिळायचं ते पुढे मुलांना. मग म्हणते कशी, मॅम (इथली मुलं आईला असंच म्हणतात), हे तुझं आणि तुझ्या काकांचंच झालं, दर रविवारी तू फोन करतेस! वर म्हणे, म्हणजे निवडणूक मी लढवायची, तू नाही. मी जाम भडकले. माझी आई तुमच्याकडे स्वयंपाकाला होती, काकांनी मला शिकवलं, डॉक्टर केलं, त्यांच्याबद्दल असं बोलतेस? पोरगी बिचारी वही उचलून खोलीत निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी तुझा व्हॉइस मेसेज आला. औक्षणाला आम्ही घरच्या बायका उभ्या राहू, आणि तू आलीस की स्वयंपाकघराचा घोर नाही. किती प्रेमाने बोललीस गं! म्हणूनच जास्त लागलं. पार्किंगमध्ये गाडीत बसून पुन्हा ऐकलं. तुझ्या लग्नात मी कुठे होते, तुझ्या मुलाच्या बारशाला कुठे होते, ते आठवत राहिले. कढईपाशी. आणि खरं सांगते, तेव्हा मला त्यात सुखच वाटायचं.

आईला सांगितलं तर म्हणाली, जा बाई, आपलीच माणसं आहेत. आहेतच. म्हणून तर मागतेय, आणि चाळिशी उलटल्यावर हे तोंडाने मागावं लागतंय याचंच वाईट वाटतं. अशू, रजा मी अजून रद्द केलेली नाही. औक्षणाला ये, एवढं एकदा म्हण. मग पदर खोचून सगळ्यांच्या पुरणपोळ्या मीच लाटेन, कुणाला हात लावू देणार नाही. पण आधी काकांना ओवाळू दे.

तुझीच, तुझ्या निरोपाची वाट पाहणारी,
उर्मिला