डॉक्टरांच्या पाठीमागे

३ मार्च

जलखात्याचा शिपाई दुकान उघडता उघडताच आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली डॉक्टरांची सरकारी तसबीर. आल्या आल्या म्हणतो, शेठ, आधी शटर अर्धं ओढा. ओढलं. साहेबांच्या खोलीतला खिळा निसटला, डॉक्टर पालथे पडले, काच फुटली, मागचा कागद टरकला — आणि डॉक्टरांच्या पाठीमागून मागच्या राजवटीतला घोडेस्वार बाहेर! मिशा, बिल्ले, घोड्याची मान, सगळं शाबूत. सहा वर्षांत जरासुद्धा पिवळं पडलेलं नाही. खळ माझी होती ना.

शिपाई भला माणूस. कुणाला दाखवलं नाही, थेट माझ्याकडे आणलं. जाताना मात्र विचारतो, "शेठ, सगळ्याच कचेऱ्यांत असं आहे का हो?"

मी म्हटलं, वेडा आहेस का, एखादी राहून गेली असेल गडबडीत.

खोटं. सगळ्याच कचेऱ्यांत असं आहे. शहाण्णव!

४ मार्च

यात माझी लबाडी नव्हती, हे निदान इथे तरी लिहून ठेवतो. उस्तादांनी शिकवलं तसं करत आलो. राज्य बदललं म्हणून जुनी तसबीर फेकायची नाही. उलटी करायची आणि नव्याच्या मागे घालायची. जुना पुठ्ठा वर्षानुवर्षं वाळलेला असतो — वाकत नाही, ओल धरत नाही. उस्ताद म्हणायचे, नव्या माणसाच्या पाठीला जुना लागतोच.

तर माझ्या प्रत्येक चौकटीत चार राजवटी. सगळ्यांत मागे आजोबा. त्यांच्या काळात लोक आपणहून यायचे तसबीर न्यायला. मग चष्मेवाला, अकरा महिने. काच पुसून होईतो गेलासुद्धा. मग घोडेस्वार, चौदा वर्षं. त्याची तसबीर भिंतीवर नसली तर दुकानाला कुलूप. मग डॉक्टर. मी बोटाच्या पेराने ठोकून सांगतो आत किती जण आहेत. एकटा असला तर टण्ण. चौघे असले तर धप्प.

डॉक्टर आले तेव्हा हुकूम निघाला, घोडेस्वाराची प्रत्येक तसबीर नष्ट करा, बाळगणं गुन्हा. पुठ्ठा तेव्हा कुठे मिळत नव्हता. आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला होता मला. आयुष्यभर एकाला काढा, दुसऱ्याला घाला. नेहमीसारखं उलटं करून ठोकून दिलं आणि शहाण्णव चिठ्ठ्यांवर सही केली — ‘जुनी तसबीर नष्ट केली.’ खाली जावईबापूंची सही. पुरवठा खात्यात नवे होते, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ‘समक्ष पाहिले’ असं लिहिलंय त्यांनी. काय पाहिलं? सासऱ्याचं तोंड पाहिलं आणि विश्वास ठेवला.

५ मार्च

आगीतून फुफाट्यात. जावईबापू संध्याकाळी आले ते परिपत्रक घेऊनच, आणि मोठ्या खुशीत. डॉक्टरांची नवी रंगीत तसबीर निघाली आहे, हसरी. सगळ्या कचेऱ्यांतल्या चौकटी पंधरा तारखेला सरकारी कारखान्यात गोळा करायच्या, तिथेच उघडून नवी बसवायची. "बाबा, यंदा तुमची दगदग वाचली!"

सांगितलं त्यांना. चहा तसाच राहिला. परिपत्रकाची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "समक्ष हा शब्द मी लिहायला नको होता."

माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. चांगला माणूस गप्प बसला की फार जड जातं. तुरुंग मला झाला तर म्हातारा गेला म्हणतील. यांना झाला तर लेकीचं काय?

त्यात कारखान्याचा मुख्य कोण, तर मिस्त्री! आम्ही एकाच उस्तादांकडे शिकलो, एका पाटावर बसून काचा कापल्या. घोडेस्वाराच्या काळात त्याने सरकारी नोकरी धरली, मी तोंडावर त्याला पट्टेवाला म्हणालो, तेव्हापासून बोलणं बंद. मुलगी परदेशी गेली म्हणून मिरवायचा. पेराने ठोकून माणसं मोजणारा या गावात माझ्याखेरीज तोच.

६ मार्च

युक्ती सुचली. वाळवी!

७ मार्च

सरकारी कचेरीत वाळवी म्हटलं की आधी सगळे फायलींकडे बघतात. मी बाटली दाखवतो — आत टर्पेंटाइन आणि पाणी — आणि सांगतो, चौकटींच्या लाकडात शिरली आहे, कारखान्यात न्यायच्या आत औषध मारून देतो, फुकट. फुकट म्हटल्यावर साहेब स्वतः स्टूल धरतो. नोंदणी कचेरीतला रेकॉर्डवाला कानाशी येऊन म्हणाला, जरा आमच्या फायलींकडेही सोडा की थोडी!

पाठीमागचे तिघेही काढायचे, घोडेस्वारासकट, पिशवीत. त्यांच्या जागी कोरा पुठ्ठा. यंदा पुठ्ठा मिळतो. आज बारा झाल्या. गुडघे गेले.

९ मार्च

रविवार. हिने विचारलंच — दुकानातल्या हौदात काय भिजत घातलंय? म्हटलं, रद्दी. ही म्हणाली, रद्दीला मिशा असतात का?

तीस वर्षांत हिच्यापासून काही लपवता आलेलं नाही. सगळं सांगितलं. काठी घेऊन स्वतःच ढवळत बसली. कागदाचा लगदा होतो, पण घोड्याची मान काही केल्या विरघळत नाही. शाई चांगली वापरायचे त्या काळात.

ढवळता ढवळता एकदाच म्हणाली, भाऊजींना नेलं तेव्हाही तुम्ही हीच तसबीर ठोकत होता.

हो. घोडेस्वाराच्या तिसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला नेलं. शाळेतून, वर्गावर शिकवत असताना. त्याच आठवड्यात मी बावीस घोडेस्वार चौकटीत बसवले. हात आखडला नाही. दुकान नवं होतं, पाठीवर काचा वाहून उभं केलेलं. कुठे चौकशी केली नाही, कुणाला विचारलं नाही. लोक म्हणत, माणूस खंबीर आहे. खंबीर!

११ मार्च

एकसष्ट झाल्या. स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाकडे कुणी माणूस म्हणून बघत नाही, त्यामुळे ऐकू फार येतं. न्यायालयातले दोघे कारकून म्हणत होते, घोडेस्वाराच्या काळात निदान गाड्या वेळेवर होत्या. दवाखान्यातली वयस्कर परिचारिका म्हणाली, आजोबांच्या काळात औषधं होती. करखात्यात एक जण म्हणाला, चष्मेवाला टिकला असता तर. डॉक्टरांबद्दल कुणी काही म्हणालं नाही — तेवढ्यावरून कळलं.

१२ मार्च

अठ्ठ्याहत्तर. पाठ धरली.

१३ मार्च

आज शाळेत गेलो. मुद्दाम लांबवली होती, धाकट्याची शाळा. सोळा-सतरा वर्षांत पायरी चढलो नव्हतो. डॉक्टरांच्या वेळची चौकटसुद्धा शिपायाच्या हातून मागवून घेतली होती.

मोठ्या बाई त्याच, आता केस पांढरे. वाळवीचं सांगितल्यावर हातातली वही मिटली. मग ऑफिसचं दार आतून लावलं.

चौकट उतरवली आणि मागचा कागद बघून थबकलो. कडेने पात्याने कापून पुन्हा डकवलेला. खळ माझी नाही. उकलला. आजोबा, चष्मेवाला बाजूला केले. घोडेस्वाराच्या पाठीवर, पुठ्ठ्यावर, शाईने नावं. अकरा. पुढे नेल्याची तारीख. वर्गात फळ्यावर लिहितात तसलं सुरेख अक्षर. चौथं नाव धाकट्याचं.

बाई म्हणाल्या, "या शाळेतून नेलेले. दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही हो. हजेरीपटावरची नावं तेव्हाच खोडायला लावली."

मी म्हटलं, बाई, पंधराला हे उघडणार. माझ्याकडे द्या, घरी ठेवतो. त्यावर त्यांनी विचारलं, घराची झडती झाली तर? घरात कोण कोण आहे? माझ्या डोळ्यांसमोर जावई आला. मग म्हणाल्या, "घेऊन जा आणि भिजत घाला. तुम्हाला दोष देणार नाही. माझी तर नोकरी संपतच आली."

स्टुलावर बसलो. किती वेळ कोण जाणे. मधली सुट्टी होऊन गेली.

एकदा हात आखडला नव्हता. आज आखडला.

घोडेस्वाराचा पुठ्ठा दोन कोऱ्या पुठ्ठ्यांच्या मध्ये घातला, चारी कडा खळीने बंद केल्या. बघणाऱ्याला एकच जाड पुठ्ठा. आत काही आहे हे ठोकूनच कळेल, आणि ते कान फक्त मिस्त्रीला आहेत. उस्तादांची विद्या आमच्या दोघांतच राहिली, तिचं असं होणार होतं.

लिहिताना वाटतंय, लेकीच्या संसाराला मी एका पुठ्ठ्याशी बांधून आलो.

१४ मार्च

उरलेल्या संपवल्या. पंच्याण्णव कोऱ्या. एक नाही. जावईबापूंना त्या एकीचं सांगायला गेलो आणि नातवाच्या वहीला कव्हर घालून परत आलो.

१५ मार्च

चौकटी उघडताना पुरवठ्याचा माणूस हजर लागतो, म्हणून जावईबापूंना कारखान्यात उभं राहावं लागलं. संध्याकाळी घरी आले ते हातपाय धुवायच्या आत सांगायला लागले. चौकटी एकामागून एक उघडल्या, मागे कोरे पुठ्ठे. तपासणीवाला म्हणाला, तुमचे सासरे फार टापटिपीचे. कुणाला ताकास तूर लागली नाही.

"फक्त शाळेची चौकट आली तेव्हा मिस्त्रीने बोटाने ठोकली. दोनदा. मग पुन्हा एकदा, कान लावून."

मी विचारलं, मग?

"मग म्हणाला, हिचं लाकूड नरम वाटतंय, ही मी स्वतः बघतो. आणि बाजूला ठेवली. बाबा, तुम्ही असे का झालात? त्या चौकटीत काय होतं?"

तेव्हा सांगितलं. लेक आतून ऐकत होती. बाहेर आली, म्हणाली, "काकाचं नाव होतं?" हो म्हटलं. जावईबापू म्हणाले, चला, निदान या वेळेला समक्ष म्हणायला काहीतरी आहे.

माझ्यापेक्षा मोठा माणूस आहे हा.

१७ मार्च

कुणी आलं नाही. दुकानासमोर गाडी थांबली की मी काच खाली ठेवतो. हिने एक पिशवी भरून दाराशी ठेवली आहे — दोन शर्ट, औषधं, लोकरी टोपी. मी बघून न बघितल्यासारखं करतो.

१८ मार्च

कुणी नाही.

२२ मार्च

चौकटी परत भिंतींवर लागल्या म्हणे. शाळेचीही. डॉक्टर सगळीकडे हसतायत. रस्त्यात मिस्त्री दिसला, लांबून. तोही म्हातारा झालाय. मी मान हलवली, त्याने हलवली की नाही, दिसलं नाही. चष्मा बदलायला झालाय.

पकडायचं असतं तर एव्हाना पकडलं असतं. की वाट बघायला लावतोय? पट्टेवाला म्हणालो होतो, ते विसरला नसेल. मी कुठे विसरलो?

२७ मार्च

एक गिऱ्हाईक नाही. हिने पिशवीतून लोकरी टोपी काढली, उन्हाळा आला म्हणाली. बाकीचं तसंच.

२ एप्रिल

पोस्टातून निरोप — नवी तसबीर चौकटीत घसरली, जरा बसवून द्या. गेलो. उतरवली. मागे चारच खिळे, तेही अर्धे ठोकलेले. उस्तादांकडे शिकलेला माणूस चार खिळ्यांवर तसबीर सोडत नाही. मलाच बोलावतील, हे त्याला ठाऊक होतं.

पोस्टमास्तर तारा वाचत बसले होते. पाठमोरा होऊन कागद उकलला. माझाच पुठ्ठा, मी कोरा घातलेला. आता कोरा नाही. सुतारी पेन्सिलीने, जाड अक्षरात, बाईंच्या यादीतली अकराच्या अकरा नावं, तारखांसकट, त्याच क्रमाने. चौथं धाकट्याचं.

खाली बारावं. ते बाईंच्या यादीत नव्हतं. मिस्त्रीच्या मुलीचं, नेल्याच्या तारखेसकट — परदेशी गेलेलीचं.

आठ खिळे ठोकले. पक्के.

३ एप्रिल

वाळवीची बाटली घेऊन पुन्हा निघालो. जलखातं, दवाखाना, न्यायालय. तिन्हीकडे पुढे डॉक्टर हसतायत. तिन्हीकडे मागे बारा.

पुढच्या कचेऱ्यांत गेलो नाही. मिस्त्रीच्या घरी गेलो.