मँडोलिन सुपूर्द करण्याबाबत

अकोला, रविवार दुपार

तीर्थस्वरूप मैनाआत्यास दामिनीचा नमस्कार.

तुमचा डावा गुडघा आणि उजवा डोळा आता कसे आहेत? (मागच्या पत्रात मी उलटं विचारलं, ते तुम्ही अमरावतीभर सांगितलंत.) मी ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते आज खरं नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही मध्ये बोलता.

कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात तुम्ही वाजवलेलं मँडोलिन दोन वर्षांपूर्वी मला दिलंत, आणि गेल्या महिन्यात कळवलंत की ते आता तुमच्या दिरांच्या, म्हणजे खुशालरावकाकांच्या, भजनी मंडळाला देऊन टाक. माझी हरकत नव्हती. वजनकाटे तपासणं ही माझी नोकरी; ज्याची वस्तू त्याला द्यावी एवढं मला कळतं. (या काळात मी त्यावर चौदा आयरिश रील बसवल्या, हे इथे गैरलागू आहे. रील म्हणजे तिकडची नाचाची जलद चाल. दोन तुकडे, प्रत्येक दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. तिला स्वतःचा शेवट नसतो. हे पुढे लागेल.)

आज सकाळी मँडोलिन, पेटी, तारांचा जादा संच आणि सामानाच्या यादीच्या दोन प्रती घेऊन मी काकांच्या गावी गेले. मंडळाची प्रार्थना नुकतीच आटोपली होती, बारा जण सतरंजीवर बसलेले. काकांनी यादीवर सही केली नाही. त्यांनी आजवर बैल चालवून आणि मोटर पाणी ओढताना पाहूनच घेतलेली आहे.

"वाजवून दाखव पोरी. बंद पडेल वस्तू आमी घेत नाई."

मी एक रील सुरू केली. एकच फेरी, चौतीस सेकंद, असं ठरवलं होतं. दुसऱ्या तुकड्याला काकांची खंजिरी आत आली. मग मंडळातल्या किशोरभाऊंची ढोलकी, मग टाळ. आत्या, मी हे आजवर दाराच्या फटीला टॉवेल लावून वाजवलेलं आहे. ठेका कुणाचाच चुकत नव्हता. हा पहिला धक्का.

दुसरा असा, की थांबता येईना. आयर्लंडमध्ये (माझी सर्व माहिती व्हिडिओंवरून) बैठकीतल्या ज्येष्ठाने मान हलवली की थांबतात. ज्येष्ठ म्हणजे काका, आणि काका डोळे मिटून वाजवत होते. त्यांना डावलून मी थांबणं उद्धटपणाचं झालं असतं. मंडळाची रीत मला नंतर समजली: ज्यानं सुरू केलं त्यानं "जय गुरु" म्हणेपर्यंत कुणी थांबत नाही. म्हणजे तेरा माणसं एकमेकांचा मान राखत अडकलेली, आणि वेग वाढतोय. सत्तावीस फेऱ्या मी मोजल्या. विसाव्या फेरीला किशोरभाऊ ओरडले, "तिकडचे लोक इतक्या घाईत काहून असतेत व? यष्टी सुटून राहिली का त्यायची?"

शेवटी चहा करून ताटकळलेल्या लीलाकाकू दारात आल्या. "अवो, चहाची साय झाली! जय गुरु म्हण न माय एकडाव, मेले समदे!"

मी म्हटलं. बाराही जण त्याच मात्रेवर थांबले. बोटांवर तारांचे वळ उठले आहेत, पेन नीट धरवत नाही. अक्षर सांभाळून घ्यावं.

काकांनी घाम पुसला, यादी उलटीसुलटी वाचली आणि परत दिली. "यादी अधुरी हाय. वाजवनारीचं नाव कुठी हाय? वाद्य इथं ठेवून वाजवंल कोन, हा किशोर? तू अन् हे वाद्य, दोघंबी या शनवारी, चार वाजता."

असो. मँडोलिन परत आणलं आहे, तारा पुसून ठेवल्या आहेत. डोळ्यात औषध वेळेवर घालावं.

तुमची,
दामिनी

ता.क. मी लोकांसमोर वाजवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तुम्हीच काकांना फोन करून सांगा की दामिनीला यायला जमणार नाही. आणि मँडोलिन माझ्याकडेच राहू द्यावं. हे मी महिनाभरापूर्वीच लिहायला हवं होतं.

ता.क. २. फोन शनिवार झाल्यावर करा. या वेळी दोन रील जोडून वाजवायच्या आहेत, आणि दुसरी किशोरभाऊंनी अजून ऐकलेलीही नाही.