कंठघर

दंवमास, ४

पोहोचले एकदाची! उतरताना यान असं हिंदकळलं की शेजारच्या शिपायाने माझा हात गच्च धरला, आणि मग लाजून दार उघडेपर्यंत तोंड फिरवून बसला. उगार चंद्र वरून खरवडलेल्या हाडासारखा दिसतो. पण आत सगळं छान आहे. खोली माझ्या एकटीची, भिंतीतून ऊब येते, आणि रात्रीच्या जेवणाला खरा पाव! मार्दूनला आम्ही सगळी भावंडं एका चुलीभोवती दाटीवाटीने झोपायचो. आईला हे सांगितलं तर ती म्हणेल, तिस्का थापा मारते.

स्वतः थोरले मला घ्यायला आले होते. केल्वान ओस्त्रे हे त्यांचं नाव, पण ते कुणी उच्चारत नाही. या बाजूच्या सगळ्या ग्रहांवर तख्ताचे जेवढे हेर आहेत ते सगळे या एका माणसाचे. लहानपणी रडायला लागलो की आई त्यांचं नाव घ्यायची. प्रत्यक्षात वाळकुडे आहेत, एक डोळा सारखा पाणावतो आणि इतकं हळू बोलतात की पुढे वाकावं लागतं. त्यांनी माझी पिशवी उचलली. मार्डोबद्दलही विचारलं. मी खरं तेच सांगितलं: भाऊ बंडवाल्यांना जाऊन मिळाला त्या दिवशी तो आम्हाला मेला. बंडवाल्यांनी खाणीत उतरायचा पाळणा उडवला तेव्हा बाबा त्यात होते.

दंवमास, ७

काम कळलं. या इमारतीला कंठघर म्हणतात. बंडवाल्यांची यानं धुळीच्या पट्ट्यात लपतात आणि आपल्या माणसांच्या हाकेची वाट पाहतात. इथून तशी हाक जाते. वाक्य लिहून यंत्रात घातलं की कंठ ते बोलतो, अगदी एखाद्या मार्दुनी म्हातारीच्या किंवा तरण्या पोराच्या आवाजात. यान त्या हाकेमागे येतं, आणि तिथे गस्त टपलेली असते. वाक्यं थोरले लिहून पाठवतात, यंत्र हालिक चालवतो. बोली खरी वाटते की नाही हे मी पाहायचं.

हालिक इथला सर्वांत जुना. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "काय गं उंदरे, बिळातून वर आलीस, उजेड सोसतो का?" सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार? जेवताना माझ्या बाकावर कुणी बसत नाही. आवाज कुणाचे असं विचारलं तर म्हणाला, जुन्या नोंदींवरून यंत्राने बनवलेत. फार डोकं चालवू नकोस, खाणीतल्यांना सवय नसते.

दंवमास, ११

आज हालिकचं तोंड बंद केलं. हाकेत वाक्य होतं, 'वाट मोकळी आहे.' मी लगेच थांबवलं. मार्दूनला असं कुणी जिवंत माणसाला म्हणत नाही. दरड कोसळून कुणी आत राहिलं की त्याच्या नावाने म्हणतात, वाट मोकळी झाली. जिवंतांसाठी 'वाट जागी आहे.' हालिक लाल झाला. इतकी वर्षं एकही मार्दुनी यान जाळ्यात का आलं नाही याचं उत्तर दोन शब्दांत मिळालं म्हणून वरून शाबासकी आली.

थोरल्यांनी मला बोलावून घेतलं. फार चांगलं केलंस म्हणाले. हातातला पेला खाली ठेवताना त्यांनी अर्धा सांडला. थकले असावेत.

दंवमास, १५

यान सापडलं. माझ्या हाकेवर आलं, सरळ. संध्याकाळी गोड दारू वाटली. हालिकने पेला उंचावून "उंदरीच्या कानांना!" असं म्हटलं, आणि आज पहिल्यांदाच मला बाकावर जागा मिळाली.

खिडकीतून त्यांना आणताना पाहिलं. वाटलं होतं तसे ते नव्हते. दाढीवाले, बंदूकवाले कुणी नाहीत. बाया होत्या. एक म्हातारी होती, तिने पायाला चिंध्या गुंडाळल्या होत्या. एका बाईने मूल पोटाशी असं धरलं होतं की शिपायाला ते सोडवताना दोनदा थांबावं लागलं. थोरले मेजवानीला आले नाहीत.

मला झोप येत नाही. दारूमुळे असेल.

दंवमास, १८

आज नवा कंठ लावला. म्हातारीचा. वाक्य साधंच होतं, उतरायची जागा सांगणारं. तिने ते म्हटलं. मग जरा थांबून, कुणी काही लिहिलेलं नसताना, आमच्या बोलीत, अगदी आमच्या गल्लीतल्या हेलात ती म्हणाली, "पोरी, पाय गार पडलेत गं."

मी हालिककडे पाहिलं. तो हसत होता. "यंत्र? अगं येडे, यंत्राला असा गोडवा येतो का कधी? चल, दाखवतो."

तो मला खाली घेऊन गेला. तिथे थंडी आहे. ती माणसं, आणि त्यांच्याआधी कुठून कुठून धरून आणलेली, ओळीने निजवलेली आहेत. गळ्यात सुई, सुईला तार. डोळे उघडे. म्हातारीच्या पायावरच्या चिंध्या काढून टाकल्या होत्या. ती सगळी जिवंत आहेत. बोलतात ती तीच. हालिक म्हणाला, नवीन असले की सुरुवातीला मधेच काहीतरी बरळतात, मग निवतात. मूल पोटाशी धरलेल्या त्या बाईच्या शेजारी जागा रिकामी होती, लहान. मी तिचं पांघरूण ओढायला गेले, तर हालिकने हातावर चापट मारली. म्हणाला, इथे कुणी कुणाचं काही लागत नाही.



दंवमास, २०

माझ्या आधीच्या सगळ्या मार्दुनी हाका ऐकल्या. प्रत्येकीत 'वाट मोकळी आहे.' प्रत्येक. आणि एकही यान आलं नव्हतं. पूर्वी इथे बोली जाणणारा कुणीच नव्हता असं म्हणावं, तर थोरल्यांचं बालपण मार्दूनला गेलंय, त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. त्यांना हा फरक ठाऊक नाही? ते चुकत नव्हते. ते त्या लोकांना सांगत होते, येऊ नका. वर्षानुवर्षं, तख्ताच्याच यंत्रातून, तख्ताच्या नाकाखाली.

आणि मी ती चूक दुरुस्त केली.

दंवमास, २१

आज वाक्यात 'जागी' होतं. माझ्या दुरुस्तीनंतर दुसरं काही लिहिणं थोरल्यांना शक्यच नाही. हालिक पाणी प्यायला उठला तेवढ्यात मी शब्द बदलला. मोकळी. हाक गेली. धुळीच्या कडेला एक यान दिसत होतं, ते थबकलं आणि वळून गेलं. हसू येत होतं, दाबलं. बाबा गेल्यापासून बंडवाल्यांसाठी माझ्या मनात काही नव्हतं. आजही नाही. पण त्या बाईचे हात विसरता येत नाहीत.

थोरले बोळात भेटले. माझ्याकडे नीट बघून पुढे गेले. मला वाटलं, त्यांना कळलं. वाटलं, आता मी एकटी नाही.

दंवमास, २३

राजधानीहून तपासनीस आली आहे. झेव्रिन तिचं नाव. तरुण, सुरेख, सतत काहीतरी चघळत असते. कंठघरात कुणीतरी फितूर आहे असं तिला वाटतं. आल्या आल्या हालिक तिच्या कानाला लागला. मी ऐकलं: "आधी जागी, परवा मोकळी. उंदरीचं व्याकरण रोज बदलतं, बाईसाहेब."

जेवताना माझा बाक पुन्हा रिकामा.

दंवमास, २४

सगळ्यांसमोर बोलावलं. झेव्रिनने थोरल्यांना विचारलं, वाक्यात तुम्ही काय लिहिलं होतं? ते 'मोकळी' एवढा एक शब्द बोलले असते तर मी वाचले असते. आपला पाणावलेला डोळा पुसत, नेहमीच्या हळू आवाजात ते म्हणाले, "मी 'जागी' लिहिलं होतं. पोरीने बदललं. हिचा भाऊ तिकडे आहे. मला पहिल्या दिवसापासून संशय होता." पूर्वीच्या हाकांचं खापर त्यांनी एका मेलेल्या कारकुनावर फोडलं.

मी ओरडून सांगायला हवं होतं की फितूर हा आहे. तोंड उघडलंही होतं. का मिटलं, कळत नाही.

आता कोठडीत आहे. वही बुटात होती, ती राहिली.

दंवमास, २५

थोरले आले होते. शिपायाला बाहेर पाठवलं. मी त्यांच्या अंगावर थुंकले. त्यांनी पुसलंही नाही.

म्हणाले, माफी मागायला आलो नाही. बंडवाल्यांचं सगळं आरमार आता उगारच्या सावलीतून राजधानीकडे जाणार आहे. गस्त ऐन वेळी बाजूला काढायची ते फक्त मीच करू शकतो. त्याआधी झेव्रिनला कुणीतरी हवं होतं. "तू नसतीस तर मी असतो, आणि मी गेलो की ते सगळे गेले. तुला हवं तर माझं नाव सांग. मी अडवणार नाही."

मी विचारलं, आणि खालची माणसं? तुम्ही रोज त्यांच्यावरून चालत जाता.

"हो," म्हणाले. "रोज."

जाताना दारात थांबून एवढंच सांगितलं की कंठ माणूस जिवंत असेपर्यंतच बोलतो. मेलं की तार मुकी. ते मला का सांगितलं?

दंवमास, बहुधा २७

सुई घातली. फार दुखलं नाही. सुई काढून गळ्यात बोराएवढं काहीतरी ठेवलंय, थंडीत निजवायच्या आधी ते मुरावं लागतं म्हणे; तोवर तारेशिवाय तेच बोलतं. आवाज गेला. हाक मारायला जावं तर नुसती हवा.

झेव्रिनने कागद-लेखणी दिली. सोबत कोण होतं ते लिही, आवाज परत मिळेल म्हणाली. गालावरून हात फिरवला, जनावराच्या फिरवतात तसा. मी कोराच कागद परत दिला. तिने माझं बोट मोडलं. डावं. लिहायचा हात शहाणपणाने सोडला.

नाव लिहिलं नाही. त्या म्हाताऱ्यासाठी नाही. त्याचं वाटोळं होवो.

दंवमास

भिंतीतून मी बोलतेय.

हालिक मुद्दाम कोठडीच्या भिंतीतला कर्णा चालू ठेवतो. माझा आवाज, माझा हेल. एकही चूक नाही. जागी, जागी, जागी. मी दात आवळून मधे काही घुसवायला बघते, त्या म्हातारीसारखं — जमत नाही. ती निजलेली होती, कदाचित म्हणून.

तो मार्डोला हाक मारतोय. माझ्या आवाजात. "मार्डो, मी तिस्का. निसटलेय. तुझ्या लोकांना घेऊन इकडून ये."

उत्तर नाही. देवा, उत्तर नको येऊ दे.

त्यानंतर

आलं.

"ताई? ताई, तूच ना?"

इतक्या वर्षांनी. आवाज जाड झालाय त्याचा. मी भिंत बडवली. शिपाई हसला.

भिंतीतली मी म्हणाली, हो रे, मीच.

तो रडतोय. म्हणतोय, बाबांचं मला माहीत नव्हतं, ताई, मी तिथे नव्हतो, शपथ घेतो. मला त्याला सांगायचंय की — भिंतीतली म्हणते, जाऊ दे ते, आधी ये.

तो वळतोय. म्हणाला, मागची सगळी यानं माझ्याबरोबर वळतायत.

सगळं आरमार. माझ्यामागे.

थोरले दारात दिसले. झेव्रिन सोबत होती. थोरल्यांचं तोंड राखेसारखं. शिपायाला तिच्यादेखत खडसावलं: मुकी पोरगी कुठे पळतेय, वर ये, गस्तीला माणसं कमी आहेत. सगळे गेले. कुलपाचा आवाज झाला नाही.

दार ढकललं. उघडं आहे.

बोळ रिकामा

एका बाजूला यंत्रघर. तिथे हालिक, शिपाई, सगळे. मी पोचणार नाही. दुसरीकडे बाहेरचं दार, ज्यातून मला पिशवी घेऊन — बाहेर हवा नाही.

मेलं की तार मुकी. म्हाताऱ्याने मला हेच सांगितलं होतं. मागितलं नाही, नुसतं सांगितलं. हरामखोर.

आईला कळवा कुणीतरी. वही ज्याला सापडेल त्याने. मार्डो तिथे नव्हता, हे पण सांगा.

मधल्या दारातून आत आले, ते मागे लागलं. पुढचं जड आहे. खिटी फिरतेय. कर्णा इथेही आहे, मी अजून बोलतेच आहे, किती गोड बोलते मी, मला माहीतच — मार्डो विचारतोय, ताई, दिवा दिसत नाही, तू नक्की कुठे आहेस — दार सुटतंय — भिंतीतली म्हणते, घाबरू नकोस, मी इथंच आहे, मार्डो, मी इथ